तोच बिघाड तिसऱ्यांदा आला तर

आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर, तरी गाडी सकाळी पुन्हा बंदच. वैताग समजू शकतो. पण आता पुढचा पार्ट घालू देण्याआधी मेकॅनिकला एकच विचारा: "दोष यातच आहे, हे तपासलं कसं?" जाणकार माणूस मीटर लावून दाखवतो. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५. इंजिन चालू असूनही आकडा १२ च्याच आसपास राहिला, तर गडबड चार्जिंगमध्ये आहे. नवी बॅटरीही उतरणारच. चार्जिंग ठीक, बॅटरीही चांगली, तरी रात्रभरात ती उतरते? मग बंद गाडीत कुठेतरी करंट खाल्ला जातोय. ते शोधायला वेळ लागतो. त्या वेळेची मजुरी खळखळ न करता द्या, अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा ती परवडते.

काढलेला पार्ट परत मागा. खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्या, आणि त्यावर रक्कम जाणार असेल तर काम थांबवून फोन करायला सांगा. हे शांतपणे बोला, भांडून नाही. तरीही "बदलून बघू" एवढंच उत्तर मिळालं, तर सगळी बिलं घेऊन दुसऱ्या मेकॅनिकला गाडी दाखवा.