झाडपाल्याचं जंतनाशक: आधी पापणी बघा, मग काढ्याचं बोलू

आधी त्या जबड्याखाली सूज आलेल्या शेळीचं बघू, बाकी सगळं नंतर.

तुम्ही लिहिलंय की वर्षभर दर महिन्याला कडुलिंबाचा पाला, लसूण आणि वावडिंगाचा काढा सगळ्या कळपाला पाजताय आणि डॉक्टरी जंतनाशक पूर्ण बंद केलंय. शेळ्या तकतकीत आहेत, पण एकीच्या जबड्याखाली मऊ फुगवटा आलाय. तर काढ्याचं प्रमाण वाढवावं का?

नका वाढवू. तिला काढा देऊच नका. तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढा आणि भर उजेडात आतला रंग बघा. लालसर असेल तर सूज गळवाची किंवा माराचीही असू शकते. पांढुरकी असेल तर तिचं रक्त संपत आलंय. पशुवैद्यकाला आजच बोलवा. तोवर तिला पळवू नका, पकडापकडी करू नका. अंगात रक्त नसलेली शेळी नुसत्या धावपळीनंही कोसळते.

हे इतकं ठासून सांगतेय कारण माझ्याकडे अशीच एक पाट, म्हणजे तरणी शेळी, होती. संध्याकाळी चरून आली की जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची आणि सकाळी सूज उतरलेली असायची. मला वाटलं, काढा लागू पडतोय. खरं तर दिवसभर मान खाली घालून चरल्यामुळे तिथं पाणी उतरायचं आणि रात्री मान वर राहिली की ओसरायचं, एवढंच. चौथ्या दिवशी ती उठली नाही. डॉक्टरांनी चौथं पोट उघडलं तेव्हा आतल्या अस्तराला केसांसारखे बारीक, दोन-तीन सेंटीमीटर लांबीचे जंत चिकटलेले होते. लाल आणि पांढरा दोरा एकमेकांत पिळावा तसे. लाल म्हणजे त्यांनी प्यायलेलं रक्त, पांढरा पीळ म्हणजे मादीच्या अंडाशयाचा. तो रंग मी विसरलेले नाही.

याच जंताला हिमॉन्कस म्हणतात. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त घेतो. म्हणजे हजार जंत असतील तर रोज 50 मिली. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते आणि पोटात गेलेली अळी साधारण तीन आठवड्यांत अंडी घालायला लागते. दमट, उबदार हवेत कळप किती झपाट्यानं पोखरला जातो ते यावरून कळेल. आणि यात हगवण लागेलच असं नाही. लेंड्या छान गोळीबंद आणि शेळी आतून रिकामी, असं कितीदा तरी होतं. म्हणून अंगावरच्या चकाकीवर विसंबू नका.

आता झाडपाल्याचं. वावडिंग, पळसपापडी, किरमाणी ओवा ही जंतांची जुनी औषधं आहेत हे खरं. पण ती नावाजली माणसाच्या आतड्यातल्या जंतांवर. शेळीत पाजलेला काढा आधी चाऱ्यानं भरलेल्या मोठ्या पोटात जातो. तिथं तो पातळ होतो, सूक्ष्मजीव त्याचं विघटन करतात आणि चौथ्या पोटापर्यंत काय शिल्लक उरतं ते काढा करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. लसूण आणि पपई शेळ्या-कोकरांना देऊन अमेरिकेतल्या संशोधकांनी बघितलं, जंत आटोक्यात आले नाहीत. तयार हर्बल मिश्रणाचंही शेळ्यांत तेच झालं. ही दोन्ही कामं 2009 सालची. कडुलिंबाचे निकाल कधी थोडे बरे, कधी शून्य, असे उलटसुलट आहेत.

मग इतक्या लोकांना गुण का येतो? एक तर काढा दिल्यावर लेंड्यांत तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात. ते पट्टकृमीचे असतात, काढा न देताही पडतात आणि मोठ्या शेळीला पट्टकृमीचा त्रास बहुधा फारसा नसतो. दुसरं, हवा कोरडी झाली की गवतावरच्या अळ्या मरतात आणि जंत आपसूक कमी होतात. त्याच सुमाराला दिलेल्या काढ्याला श्रेय मिळतं. मी पुढे कळपाचे दोन गट केले, एकाला काढा दिला, दुसऱ्याला नाही, आणि दोन्हींच्या लेंड्या तपासून घेतल्या. अंडी दोन्हीकडे सारखीच घटली होती. त्या दिवसापासून काढा बंद.

तुम्हीही हेच करून बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका. ताज्या लेंड्या, जमिनीवरून उचललेल्या नव्हे, पिशवीत हवा काढून गार ठेवा (गोठवू नका) आणि दर ग्रॅममागे अंडी किती हे मोजून घ्या. औषधानंतर 10 ते 14 दिवसांनी त्याच शेळ्यांचं पुन्हा मोजा. डॉक्टरी औषधानं अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली तर जंत त्याला सरावलेत असा संशय घेतात. काढ्यालाही हीच फूटपट्टी लावा. जास्त अपेक्षा नको, निदान न दिलेल्या गटापेक्षा ठळक फरक तरी दिसू दे.

वनस्पतींचा उपयोग शून्य आहे असं मात्र मी म्हणणार नाही. टॅनिन (तुरट द्रव्य) असलेला पाला आणि शेंगा, उदाहरणार्थ बाभळीच्या, रोजच्या चाऱ्यात असल्या तर जंतांची वाढ आणि अंडी कमी व्हायला मदत होते. सेरिसिया लेस्पेडेझा या वैरणीवर तर बरंच काम झालंय. पण हा चारा आहे, फिकट पडलेल्या शेळीला वाचवणारं औषध नव्हे. याहून मोठा फायदा असा की झुडपाचा पाला तोंडाच्या उंचीवर खाल्ला जातो आणि अळ्या असतात गवताच्या बुडाशी, मुख्यतः खालच्या पाच-सात सेंटीमीटरमध्ये. म्हणून गवत बोटभर उरेपर्यंत चारू नका. दव सुकल्यावर सोडा. वैरण जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्या. प्रथिनं पुरेशी मिळालेली शेळी जंतांना जास्त तोंड देते, हेही लक्षात असू द्या.

गाभण शेळ्यांना किरमाणी ओव्यासारख्या, दवण्याच्या जातीच्या कडू वनस्पती देऊ नका, गर्भाला धोका असतो. लसूण भरमसाट दिला तर तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि आधीच रक्त कमी असलेल्या शेळीला तेच नकोय. काढा पाजताना मान फार उंच करू नका, फुप्फुसात गेला तर जंतांपेक्षा तोच आधी घात करतो.

डॉक्टरी औषध बंद का केलंत, त्यामागची तुमची काळजी रास्त आहे. सगळ्या कळपाला ठरावीक तारखेला औषध पाजत गेलं की सरावलेले जंतच तेवढे मागे उरतात. त्यावरचा उपाय म्हणजे निवडून देणं. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला ‘फामाचा’ (FAMACHA) नावाचा तक्ता पापणीच्या रंगाचे 1 (लाल) ते 5 (पांढरा) असे टप्पे पाडतो. 1 आणि 2 ला औषधाविना सोडा, 4 आणि 5 ला औषध द्याच, 3 ला शेळीची अवस्था बघून ठरवा. करडं आणि नुकत्याच व्यायलेल्या शेळ्या असतील तर 3 लाही द्या. बहुतेक जंत कळपातल्या थोड्याच शेळ्यांत असतात, त्यामुळे औषध कमी लागतं आणि कोणती शेळी वारंवार फिकट पडते तेही कळतं. तिची पिल्लं पैदाशीला ठेवू नका.

मात्रा वजन करूनच द्या. शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून मेंढीची मात्रा बऱ्याचदा अपुरी पडते. शेळीसाठी किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. गाभण राहून महिना झाला नसेल तर अल्बेंडाझोल टाळा.

आज त्या एकीबरोबर उरलेल्या सगळ्यांच्या पापण्याही बघून घ्या. मला वाटतं, फिकट निघणारी ती एकटीच नसेल.