ड्राय हॉपिंग प्रायमरीतच करू, की एल आधी दुसऱ्या भांड्यात काढू?

काढू नका. एल, म्हणजे तुमची बिअर, ज्या फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) आंबतेय त्यातच, म्हणजे प्रायमरीतच, सुगंधासाठी हॉप्स (हॉप वेलीची वाळवलेली फुलं) टाका, यालाच ड्राय हॉपिंग म्हणतात. फक्त घाई करू नका.

तुम्ही निपाणीहून विचारलंय, म्हणून आधी एक सांगतो. कर्नाटकात घरच्यापुरती बिअर करायची तरी अबकारी परवाना लागतो, ते बघूनच पुढे जा. मी बेंगळुरूला एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत सहा वर्षं हेच काम केलं, आता बेळगावात शहापूरला असतो.

तळाच्या यीस्टवर बिअर जास्त दिवस राहिली की चव बिघडते, असं मलाही सुरुवातीला सांगितलं होतं. म्हणून चाचणीची २० लिटर एल नळीनं दुसऱ्या भांड्यात काढली आणि मग हॉप्स टाकले. दोन आठवड्यांत सोनेरी रंग तपकिरी झाला. संत्र्याच्या सालीसारखा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागला. भांडं बदलताना हवा लागली, तिनं घात केला. प्रायमरीत यीस्ट जिवंत असतं, हॉप्सबरोबर आत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन ते खाऊन टाकतं. आणि एवढ्याशा भांड्यात तीन आठवडे राहिल्यानं यीस्टची चव उतरत नाही.

टाकायचे कधी, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे बेळगाव बासमती शिजत असला की वास गल्लीच्या टोकाला पोचतो, पण गल्लीत गेलेला तो वास ताटात येत नाही. एअरलॉक (भांड्यातला वायू बाहेर सोडणारी झडप) जोरात बुडबुडत असताना हॉप्स टाकले तर तेच होतं, कार्बन डायऑक्साइड सुगंध घेऊन बाहेर पडतो. शिवाय तळाला बसणारं यीस्टही हॉप्सचं तेल ओढून घेतं. म्हणून बुडबुडे मंदावून हायड्रोमीटरचा (बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणाऱ्या नळीचा) आकडा उतरायचा जवळपास थांबला की टाका. २० लिटरला ६० ते ८० ग्रॅम पेलेट्स (हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या) पुरेत. मूठमूठ करून सोडा, एकदम ओतलेत तर फेस उसळून जमिनीवर येईल. तीन दिवस बस्स, जास्त ठेवलंत तर गवताची चव येते.

बाटल्या भरायची मात्र गडबड नको. हॉप्समध्ये विकरं (एन्झाइम) असतात, ती उरलेल्या डेक्स्ट्रिनची, म्हणजे यीस्टला न पचलेल्या पिष्टाची, साखर करतात आणि थांबलेलं आंबणं परत सुरू होतं. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्येच हे लिहून ठेवलंय. अशी बिअर बाटलीत कोंडली तर बाटली फुटते, काच डोळ्यात जाऊ शकते. हॉप्स टाकल्यानंतर आकडा सलग तीन दिवस हलला नाही, आणि चमचाभर चाखून लोण्यासारखी चव लागली नाही, तरच भरा.

एप्रिलमध्ये करत असाल तर जुन्या फ्रीजला तापमान नियंत्रक लावून १८ ते २० अंश ठेवा. आपल्या उन्हाळ्यात नुसत्या खोलीत ते जमणार नाही.