ड्रिलने फिरवूनही अल्टरनेटर चार्ज करत नाही?

जुन्या बाजारातून आणलेला ओम्नीचा अल्टरनेटर शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरून ड्रिलने फिरवलात, पण बॅटरीवर १२.६ व्होल्टच दिसतात. तर तो भंगारात द्यायचा का, असं विचारलंय. एवढ्यात नको. तुम्ही फक्त जाड वायर आणि बॉडी जोडली आहे. आत फिरणाऱ्या रोटरच्या वाइंडिंगला करंटच मिळाला नाही, तर तो चुंबक होणार कसा?

मागच्या सॉकेटवर बहुधा आयजी (IG, म्हणजे इग्निशन) आणि एल (L, म्हणजे चार्जिंगच्या दिव्याची पिन) असं कोरलेलं असेल. आयजीला बॅटरीचं प्लस द्या. एलला मात्र थेट प्लस देऊ नका, मध्ये १२ व्होल्टचा ३ ते ५ वॅटचा साधा बल्ब घाला. एलईडी चालत नाही, त्यातून पुरेसा करंट जात नाही. अल्टरनेटर थांबलेला असताना बल्ब पेटला पाहिजे. पेटला नाही तर आधी बल्बच तपासा, मग कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत का ते बघा आणि ते ज्यांवर घासतात त्या रोटरच्या दोन्ही स्लिप रिंगांवर मीटर लावा. साधारण ३-४ ओहम आले तर रोटरचं वाइंडिंग तुटलेलं नाही. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र बीप वाजता कामा नये.

आता फिरवा, पण पुलीचा नट आवळला जाईल त्याच दिशेने. वीज उलट फिरवूनही तयार होते, फक्त नट सुटून हातात येतो. बल्ब विझून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट आले की काम झालं. १५ च्या वर गेले तर कटआउट, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, गेलाय. फिरत असताना बॅटरी काढू नका, एसीचं डीसी करणारे डायोड उडतील.

डायोडची शंका असेल तर मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड प्लेट उघडून बघा. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही भलताच आकडा दाखवतात, म्हणून आधी अल्टरनेटर बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर लावून खात्री करा.

एवढं करूनही लोड घेतो की नाही, हे ड्रिलवर कळणार नाही. ५० अँपिअरला ७०० वॅट बाहेर पडतात, आणि ते काढायला आत त्याहून बरीच जास्त ताकद लागते. घरगुती ड्रिल तिथेच दम तोडतं. हेडलाइटचा एक बल्ब लावून व्होल्टेज टिकतंय का ते बघा, पुढची लोड टेस्ट इलेक्ट्रिक मोटरवर चालणारा टेस्ट बेंच असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे करा.