वाचकांचे प्रश्न : गुगल साइटखाली 'हॅक' असा शेरा का दाखवतं?

प्रश्न : आमचं केळीच्या टिश्यू रोपांचं आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गुगलवर नाव शोधलं की साइटखाली 'ही साइट हॅक झालेली असू शकते' असं येतं. तिथून गेलेलं गिऱ्हाईक भलत्याच पानावर पोहोचतं, काहींना लाल इशारा दिसतो. मी पत्ता टाइप करतो तेव्हा मात्र साइट नीट उघडते. साइट बनवणारा म्हणतो, गुगलची चूक आहे. — एक वाचक, रावेर

उत्तर : चूक असण्याची शक्यता फार कमी. 31 जानेवारी 2009 रोजी गुगलच्या धोकादायक साइटींच्या यादीत नुसती '/' ही खूण पडली आणि जवळपास तासभर गुगलच्या शोधात इंटरनेटवरची जवळपास प्रत्येक साइट धोकादायक दिसत होती. पण ती चूक जगाला दिसली. शेरा फक्त तुमच्याच साइटवर आहे आणि गिऱ्हाईकही भरकटतंय, म्हणजे साइटमध्ये कुणीतरी शिरलंय.

तुम्हाला ती नीट दिसते, कारण घुसखोराने तशीच सोय केली आहे : गुगलवरून येणाऱ्याला दुसरीकडे वळवायचं, थेट पत्ता टाकणाऱ्याला मूळ पान दाखवायचं. मालकाला सुगावा लागू नये एवढाच हेतू.

सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं मोफत साधन) डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीने मालकी सिद्ध करा, म्हणजे गुगल देतं तो मजकूर तुमच्या डोमेनच्या सेटिंगमध्ये टाका. 'सिक्युरिटी इश्यूज'मध्ये नमुन्याचे पत्ते मिळतील. ते 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये टाकले की गुगलला काय दिसतं ते कळेल. तिथे मालकांच्या यादीत अनोळखी नाव आहे का, तेही बघा. घुसखोर स्वतःला मालक म्हणून जोडून ठेवतात.

साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची लोकप्रिय प्रणाली) असेल तर आधी सगळ्या फायलींची आणि डेटाबेसची प्रत बाजूला काढा. मग .htaccess उघडा, ही सर्व्हरला सूचना देणारी फाईल असते. HTTP_REFERER (पाहुणा कुठून आला ते सांगणारी खूण) आणि google असलेली ओळ दिसली, तर वळण बहुधा तिथेच आहे. wp-content/uploads मध्ये फोटो असायला हवेत, तिथे .php (प्रोग्रामची) फाईल सापडली तर ती जवळजवळ नक्की घुसखोराची. पण तेवढी पुसून भागत नाही. अनोळखी अ‍ॅडमिन काढा, वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन मूळ ठिकाणाहून नव्याने टाका. विकतची थीम कुठून तरी फुकट उतरवलेली असेल तर वाट बहुधा तीच. शेवटी होस्टिंग, एफटीपी (सर्व्हरवर फायली चढवायची सोय), डेटाबेस, अ‍ॅडमिन, सगळे पासवर्ड बदला, wp-config.php मधल्या सॉल्ट-की (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त अक्षरमाळा) सुद्धा, म्हणजे आधीची लॉगिनं बाद होतात. जुना बॅकअप तसाच चढवला तर जुनी फटही परत येते, आणि आठवड्यात पुन्हा तेच.

हे झाल्यावरच 'रिक्वेस्ट रिव्ह्यू' दाबा, काय काय केलं ते लिहा. मालवेअरच्या (घातक सॉफ्टवेअरच्या) तपासणीला काही दिवस लागतात, स्पॅम पानं घातलेली असतील तर काही आठवडे. घाईत अर्धवट साफसफाई करू नका : वारंवार दोषी ठरलेल्या साइटला 30 दिवस तपासणी मागता येत नाही.

प्रश्न : मराठी फॉन्ट फुकट उतरवताना लाल पान येतं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच साइट उघडते. उतरवू का? — एक वाचक, शहादा

उत्तर : नको. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी धोकादायक साइट ओळखायला गुगलच्या सेफ ब्राउझिंगची यादी वापरतात, एज मायक्रोसॉफ्टचं स्मार्टस्क्रीन. एकाने अडवलं नाही म्हणून फाईल शुद्ध ठरत नाही. मुक्ता, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, तिथूनच घ्या. उतरवलेली फाईल .exe किंवा .apk असेल तर उघडू नका, फॉन्ट .ttf किंवा .otf असतो.