एक्स्पोजर सुधारताना आधी हिस्टोग्राम बघ

अरे, फोटो काळपट आलाय म्हणून लगेच ब्राइटनेस वाढवत बसू नकोस, त्याने सगळंच फिकट धुतल्यासारखं दिसतं. आधी हिस्टोग्राम उघड, म्हणजे फोटोत अंधार किती नि उजेड किती हे दाखवणारा आलेख. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड, आणि उजव्या भिंतीला आलेख चिकटून उंच चढलेला असेल तर आकाश गेलं समज, जेपेगमध्ये २५५ ला, म्हणजे उजेडाच्या शेवटच्या पायरीला, पोचलेल्या पांढऱ्यातून ढग परत येत नाहीत, हायलाइट्स कितीही ओढ, नुसता राखाडी डाग मिळतो.

म्हणून रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढ बाबा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉ मध्ये १६३८४, त्यामुळे सावल्या उचलायला भरपूर वाव असतो. अर्थात फार उचललंस की नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, दिसणारच.

पावसाळ्यात राजगडावर धुक्याचे फोटो मळकट येतात ना, त्यात कॅमेऱ्याची चूक नाही, त्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो, मग पांढरं धुकंही करडं होतं. तिथल्या तिथे कॅमेऱ्यात +१ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन दे, म्हणजे मीटरने ठरवलेल्यापेक्षा उजेड दुप्पट. राहिलंच तर घरी सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर स्लायडर थोडा उजवीकडे, मग हायलाइट्स खाली, शॅडोज जरा वर, याच क्रमाने.

सॉफ्टवेअर विकत नको घेऊस एवढ्यात, डार्कटेबल फुकट आहे, सुरुवातीला डोकं खातं पण. आणि स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवून एडिट करू नकोस, मी वर्षभर केलं, सगळ्या प्रिंटा काळ्याकुट्ट आल्या आणि लॅबवाल्याशी उगाच भांडलो.