संगणक मध्येच गोठतो, तेव्हा

प्रश्न : रावेरला आमचा केळीखरेदीचा व्यवसाय आहे. पावती करतानाच संगणक अर्धा मिनिट गोठतो. माउसचा बाण हलतो, पण काहीही उघडत नाही, डिस्कचा दिवा पेटलेला राहतो आणि मग सारे आपोआप सुरळीत होते. रॅम वाढवली, विंडोज नव्याने टाकले, तरी फरक नाही.

उत्तर : सर्वप्रथम खतावणीची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा, शेतकऱ्यांचा हिशेब त्यात आहे. नंतर संगणक गोठलेली नेमकी वेळ टिपून इव्हेंट व्ह्यूअरमधील (विंडोजमधील घडामोडींची नोंदवही) ‘सिस्टम’ नोंदी पाहा. तेथे त्याच वेळी ‘स्टोरएएचसीआय’ (storahci) या नावाने 129 क्रमांकाची नोंद असेल, तर डिस्ककडून वेळेत उत्तर न आल्यामुळे ड्रायव्हरने (विंडोज आणि डिस्क यांना जोडणारी छोटी आज्ञावली) तिला रीसेट केले, असा तिचा अर्थ होतो. विंडोज नव्याने टाकल्यावरही तोच ड्रायव्हर परत येतो, म्हणून आपल्याला फरक दिसला नसावा.

पुष्कळदा मूळ दोष वीजबचतीत असतो: डिस्कची जोडणी झोपी जाते आणि वेळेवर जागी होत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडून दोन-तीन दिवस पाहावे. तरीही न थांबल्यास साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) बदलावी, डिस्कचे फर्मवेअर (डिस्कमध्येच असलेली आज्ञावली) अद्ययावत करावे आणि मदरबोर्डच्या उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर टाकावा. बायोसमधील (विंडोजच्या आधी सुरू होणारी मदरबोर्डची मांडणी) एएचसीआय (AHCI) किंवा रेड (RAID) ही डिस्क-जोडणीची निवड मात्र मुळीच बदलू नये. विंडोज सुरूच न होण्याची भीती असते.

नोंद ‘डिस्क’ (disk) या नावाने 7 क्रमांकाची असेल, तर बहुधा डिस्कच खराब होत आहे. ती त्वरित बदलावी.