भिरंडीचा नर तोडू नका

प्रश्न : ताई, आमची वडिलार्जित जमीन गोव्यात सत्तरीत डोंगरउतरणीला आहे. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला आपोआप रुजलेली भिरंडीची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडं आहेत, शिवाय घोटांची (चोखून खायच्या गावठी आंब्यांची) मोठी झाडं. भिरंडीतली जवळजवळ निम्मी झाडं फळच धरत नाहीत. शेजारी सांगतात, नर काढून टाक आणि सगळीकडे एका जातीची कलमं लाव. काय करावं?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : नर तोडू नका. आधी हे सांगते, मग कारणं.

भिरंडीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. काही थोड्या झाडांवर दोन्ही गुणांची फुलं येतात. बियांतून आलेल्या झाडांत निम्म्याच्या आसपास नर निघावेत, हे स्वाभाविकच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फुलोरा आला की झाडाखाली जाऊन बघा. नराची फुलं झुबक्यांनी येतात, आत पुंकेसरांची गच्च गुंडी दिसते. मादीच्या फुलात मधोमध गोल बीजांडकोश असतो. दोघांवर वेगवेगळ्या रंगाच्या खुणा करून ठेवा.

आता हिशेब, पुढच्या पिढीच्या विविधतेसाठी खरी किती झाडं धरायची याचा. सीवल राइट या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने 1931 साली मांडलेलं सूत्र सोपं आहे : नर गुणिले माद्या गुणिले 4, भागिले एकूण झाडं. तुमच्या उतरणीवर 25 नर आणि 25 माद्या आहेत असं धरा. उत्तर येतं 50. आता नर दोनच ठेवले आणि माद्या 48 केल्या, तर झाडं तेवढीच, पण उत्तर येतं 7.68. डोळ्यांना रान भरलेलं दिसेल, पण पुढच्या पिढीच्या विविधतेपुरतं ते आठ झाडांचंही राहत नाही. नवीन रुजणाऱ्या प्रत्येक रोपाचा बाप त्या दोघांतलाच एक. पुढे ही भावंडंच आपसात फळणार. एखादी नवी कीड आली, पाऊस लांबला, तर तगून राहणारं एखादं वेगळं झाड त्यांच्यात असण्याची शक्यता तेवढी कमी. भिरंड मूळची पश्चिम घाटाचीच. तिची विविधता इथल्या उतरणींवर गेली, तर बाहेरून कुठून आणणार?

कलमांना माझा विरोध नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता, कोकण हातीस या जाती चांगल्या आहेत. सोलांसाठी उत्पन्न हवं असेल तर खाली कुळागरात जरूर लावा. फक्त काडी उभ्या वाढणाऱ्या फांदीची आहे ना, हे रोपवाटिकेत विचारून घ्या. आडव्या फांदीच्या काडीचं कलम आडवंच पसरत राहतं. पण कलमं शंभर लावली तरी आनुवंशिक दृष्टीने ते एकच झाड असतं. आणि कोकण अमृता काय, आपला मानकुराद आंबा काय, पहिलं झाड कुठेतरी बियांतूनच उगवलेलं होतं. पुढची चांगली जात तुमच्या वरच्या उतरणीवर उभी असू शकते.

घोटांबद्दल मी जरा हट्टी आहे. आमच्या घरी फोंड्याला सासवात (आंब्याच्या गोव्याकडच्या कालवणात) मानकुराद कधी पडला नाही. घोटाचा आंबटगोडपणा, त्याचा केसाळ रस, बाठ्यासकट चोखायची ती चव दुसऱ्या आंब्याला येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांची कोय रुजवली तर मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून आवडतं झाड थकलेलं दिसलं तर ते पडायची वाट बघू नका. पावसाळ्यात त्याची काडी घेऊन गावठी रोपावर कलम बांधा. कोयीही रुजवाच, त्यांतून निघेल ते नवीन असेल.

शेजाऱ्यांना हेही सांगा, की 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे गोव्यात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

प्रश्न : भिरंडीच्या बिया वाळवून डब्यात ठेवल्या तर पुढच्या वर्षी रुजतील का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. हे बी सुकलं की मरतं. आंब्याचं, फणसाचंही तसंच. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये 2008 पासून जगभरचं बियाणं उणे 18 अंशांत साठवलं जातं. भात तिथे टिकतं, भिरंड टिकणार नाही. तिला परसात, देवराईत, म्हादई-नेत्रावळीच्या रानात उभ्या झाडांच्या रूपातच राखावं लागतं.

तेव्हा फळ फोडलं की बी धुऊन लगेच सावलीत पेरा. लालबुंद फळांच्या एकाच झाडाखालून टोपलीभर बी आणू नका. दूरदूरच्या बऱ्याच झाडांखालून मूठमूठ घ्या. रोपं फुलायला सात-आठ वर्षं लागतात, तोवर नर-मादी ओळखता येत नाही. म्हणून आधी जवळजवळ लावा आणि विरळणी फुलोरा बघूनच करा, तीही पुरेसे नर राखून.